हिरवे जॅकेट आणि पांढरा बॉयलर सूट

गोल्फच्या मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस पाहायचा, तर आपल्याकडे सोमवारची पहाट उजाडेपर्यंत जागावे लागते. दर एप्रिलमध्ये मी ते जागरण हौसेने करतो आणि अझेलियाचे ताटवे पाहून हरखतोही. मात्र समालोचक ही स्पर्धा भरवणाऱ्या ऑगस्टा नॅशनल क्लबच्या परंपरेविषयी गहिवरून बोलू लागले, की मला त्या परंपरेतून गाळलेली माणसे आठवतात.

जॉर्जिया राज्यातली ही जमीन पूर्वी बर्कमन्स या बेल्जियन कुटुंबाची रोपवाटिका होती, म्हणून आजही तिथल्या प्रत्येक होलला, म्हणजे मैदानाच्या टप्प्याला, एखाद्या झाडाझुडपाचे नाव आहे. अवघ्या २८ व्या वर्षी स्पर्धांमधून निवृत्त झालेला गोल्फपटू बॉबी जोन्स आणि गुंतवणूक व्यवसायातला क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी ऐन महामंदीत तिथे क्लब उभारला आणि १९३४ मध्ये पहिली स्पर्धा भरवली.

या स्पर्धेत १९८२ पर्यंत खेळाडूला क्लबचाच कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, घ्यावा लागे, आणि ते सगळे कॅडी कृष्णवर्णीय असत. पांढरा बॉयलर सूट घालून दुसऱ्याची बॅग वाहणाऱ्या या माणसांना कुठल्या ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या आखूड हिरवळीवर, चेंडू किती वळेल, हे तोंडपाठ असे. त्यांतलेच कार्ल जॅक्सन १४ व्या वर्षी, १९६१ मध्ये, पहिल्यांदा मास्टर्समध्ये उतरले. १९९५ मध्ये गोल्फपटू बेन क्रेनशॉचा खेळ पार बिघडलेला असताना, चेंडू जरा मागच्या पायाकडे ठेव आणि खांदे जास्त वळव, असे त्यांनीच सुचवले. क्रेनशॉ जिंकला. आठवडाभरापूर्वीच त्याचे गुरू हार्वी पेनिक वारले होते. शेवटच्या फटक्याचा चेंडू खळग्यात पडताच तो कमरेत वाकून रडू लागला, आणि मागून येऊन त्याला सावरले ते जॅक्सन यांनी. ते छायाचित्र क्लबच्या साऱ्या इतिहासाहून मला अधिक बोलके वाटते.

सभासदांचे हिरवे जॅकेट घालणारा कृष्णवर्णीय माणूस मात्र या क्लबला थेट १९९० मध्ये मिळाला, आणि तोही अलाबामातल्या शोल क्रीक क्लबच्या वर्णभेदावरून गदारोळ होऊन कंपन्यांनी तिथल्या स्पर्धेच्या जाहिराती काढून घेतल्यावर. स्त्रियांना २०१२ पर्यंत थांबावे लागले. त्याआधी या प्रश्नावरून आंदोलन झाले, तेव्हा प्रायोजकांना झळ लागू नये म्हणून क्लबने २००३ आणि २००४ ची स्पर्धा चक्क जाहिरातींविना दाखवली. खासगी क्लबने कोणाला घ्यावे हा त्याचा प्रश्न, असे म्हणणारे मित्र मला पुष्कळ आहेत. कायद्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबर असेलही; पण जगभर प्रक्षेपण विकणाऱ्याने चार भिंतींचा आडोसा घ्यावा, हे मला पटत नाही.

ली एल्डर १९७५ मध्ये मास्टर्स खेळणारे पहिले कृष्णवर्णीय गोल्फपटू ठरले. २०२१ मध्ये क्लबने त्यांना मानाचा पहिला फटका मारण्यासाठी बोलावले, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. नाकाला प्राणवायूची नळी होती आणि फटका मारण्याचे त्राण उरले नव्हते. त्यांनी हातातला ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, उंचावला, इतकेच. त्याच नोव्हेंबरात ते गेले.