शुक्रवारी गाणी ऐकेनच, पण आधी सावल्या बघणार

सकाळी घरच्या ग्रुपवर ‘डिसएन्चांटेड’चा ट्रेलर टाकला. चित्रातली राजकन्या खऱ्याखुऱ्या न्यूयॉर्कमध्ये येऊन पडते, त्या डिस्नेच्या ‘एन्चांटेड’चा हा दुसरा भाग. शुक्रवारी, १८ नोव्हेंबर २०२२ ला हॉटस्टारवर येतोय, एवढंच सोबत लिहिलं. पाच मिनिटांत भाच्याचं उत्तर आलं: “मावशी, कार्टून वरून चिकटवतात गं. त्यात काय एवढं? आता फोनवरचा फिल्टरसुद्धा करतो.” वर हसून गडाबडा लोळणारा तो पिवळा चेहरा, आणि त्याखाली चार नातेवाइकांचे अंगठे.

चिकटवतात म्हणे. भाच्याला ग्रुपवर झापणं बरं दिसत नाही, म्हणून इथे लिहितेय. वाचेलच तो.

परीकथा, गाणी, हाताने काढलेली चित्रं आणि खरी माणसं एकाच चौकटीत आणायची, तर चिकटवणं हे सगळ्यात शेवटचं काम. सुरुवात गाण्यापासून होते. एकही चित्र काढण्याआधी आणि एकही शॉट घेण्याआधी गाण्याची लय पक्की करावी लागते, कारण पुढचा सगळा हिशेब फ्रेममध्ये चालतो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर प्रत्येक ठोक्याला बरोबर १२ फ्रेम मिळतात. १४४ असेल तर १०, ९६ असेल तर १५. संगीतकाराने मजेत १०० ची लय धरली की चित्रवाल्यांची झोप उडाली म्हणून समजा, कारण ठोक्याला १४.४ फ्रेम येतात आणि फ्रेमचे तुकडे होत नाहीत. मग एक ठोका १४ चा, पुढचा १५ चा, पुन्हा १४, १५, १४, असे पाच ठोके ७२ फ्रेममध्ये बसवायचे. पाऊल ज्या फ्रेमवर पडायचं ती एक-दोन फ्रेम आवाजाच्या आधी असली तर चालते, उलट जास्त पक्की वाटते. आवाजानंतर पडली तर मात्र काहीतरी बिनसलंय हे लहान मुलालाही कळतं, भले काय ते सांगता येणार नाही.

ओठांचंही तसंच. प, ब, म आला की ओठ मिटलेले निदान दोन फ्रेम तरी धरावे लागतात. एकाच फ्रेमवर मिटवले तर डोळ्याला ते दिसतच नाहीत आणि गाणारी राजकन्या नुसता आ वासून बसल्यासारखी वाटते.

मग शूटिंग. कलाकार समोर कोणी नसताना बोलतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो नेमकं कुठे बघतो, हा खरा प्रश्न. जवळची वस्तू बघताना दोन्ही डोळे आत वळतात, लांबची बघताना सरळ होतात. हातभर अंतरावरच्या खारीशी बोलायचं असताना कलाकाराची नजर मागच्या भिंतीवर टेकली असेल, तर तो खारीच्या आरपार बघतोय हे पडद्यावर लगेच उघडं पडतं. म्हणून नुसती दिशा दाखवून भागत नाही, अंतरही दाखवावं लागतं. २००७ च्या ‘एन्चांटेड’मध्ये पिप नावाची खार न्यूयॉर्कमध्ये येते तेव्हा ती संगणकावर बनवलेली आहे, टिपेट स्टुडिओचं काम. शूटिंगच्या वेळी तिच्या जागी टोकाला छोटी खूण लावलेली काठी धरत, नाहीतर लेझरचा ठिपका टाकत. कलाकार आणि कॅमेरामन दोघांनाही खार कुठे आहे ते त्यावरून कळे. तेवढ्यावर राजकन्या झालेल्या एमी अ‍ॅडम्सने जे केलंय ते पुन्हा बघा. तिच्या डोळ्यांत खार आहे.

शॉट झाल्यावर तोच शॉट माणसांशिवाय पुन्हा घेतात. त्याच जागेवर एक राखाडी आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा धरून चित्रीकरण होतं. राखाडी गोळ्यावरून उजेड किती आणि कुठून येतो ते कळतं, चकचकीत गोळ्यात आजूबाजूचं सगळं उमटतं. सेटवर सगळ्यांना जेवायची घाई असते तेव्हा नेमकं हेच राहून जातं. कुणाचा पाय ट्रायपॉडला लागला तरी संपलं. रिकामा शॉट केसभर सरकतो, मग चित्राच्या कडा पाण्यात हलल्यासारख्या थरथरतात आणि ते निस्तरायला कुणीतरी आठवडे घालवतं.

आता हाताने काढलेल्या चित्रांकडे येते. माझा जीव तिथेच आहे. नुसत्या रंगवलेल्या पार्श्वभूमीवर एक चित्र दोन फ्रेम धरलं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं काढली, तरी छान चालतं, कारण मागचं बहुतेक वेळा स्थिर असतं. पण मागे खरं चित्रीकरण असेल आणि कॅमेरा हलत असेल, तर मागचं सेकंदाला २४ वेळा बदलतं आणि पुढचं पात्र १२ वेळा. परिणाम काय? पात्राचे पाय जमिनीवर घसरतात. मागे-पुढे, मागे-पुढे, सतत. त्यामुळे तिथे प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र लागतं. तीन मिनिटांच्या गाण्यात एक पात्र पूर्ण वेळ असेल तर ४,३२० चित्रं. ही झाली फक्त आकृती. अंगावरची सावली वेगळी, उजेडाची कड वेगळी, जमिनीवर पडणारी सावली वेगळी. पूर्वी शूट केलेली प्रत्येक फ्रेम कागदावर छापत, खालच्या कडेला भोकं पाडून खुंट्यांच्या पट्टीवर बसवत आणि वर कोरा कागद ठेवून चित्र काढत. सगळ्या कागदांची भोकं तंतोतंत जुळायला हवीत. एका कागदाचं भोक सैल झालं की पात्र त्या फ्रेमला दचकतं.

आता तो दिवा. हा विषय निघाला की मी दिव्यावर येणार, हे माझ्या यादीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९८८ चा ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’. बारच्या मागच्या खोलीत खराखुरा नट बॉब हॉस्किन्स आणि चित्रातला ससा. डोक्यावर लटकणाऱ्या दिव्याला धक्का लागतो आणि दिवा हलत राहतो. कथेत त्याची काही गरज नव्हती. दिवा स्थिर ठेवला असता तरी कुणी तक्रार केली नसती. पण दिवा हलला, म्हणजे खोलीतली प्रत्येक सावली हलली, म्हणजे सशाच्या अंगावरची सावली प्रत्येक फ्रेमला नव्याने काढणं आलं. ते त्यांनी काढलं. हाताने. संगणकावर थर जुळवायची सोय तेव्हा नव्हती. सावलीचे, उजेडाचे वेगवेगळे थर ऑप्टिकल प्रिंटरमधून, म्हणजे एका फिल्मवरचं दुसऱ्या फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्रातून, एकावर एक चढवत. सशाला आवाज देणारा चार्ल्स फ्लायशर सेटवर सशाचा पोशाख घालून कॅमेऱ्याबाहेर उभा राही आणि संवाद म्हणे, म्हणजे हॉस्किन्सला समोरून उत्तर मिळावं. त्याच सिनेमात चित्रातलं एक बाळ सिगार ओढतं, तो सिगार यंत्राच्या हाताने हलवत, आणि त्या खऱ्या सिगारभोवती नंतर बाळ काढलं जाई.

डिस्नेमध्ये त्या दिव्याला धक्का देण्याचा वाक्प्रचारच झाला. कुणी मागितलेलं नसताना घेतलेली मेहनत, असा त्याचा अर्थ. बाळा, तुझ्या त्या फिल्टरला एकदा म्हणावं, दिवा हलवून दाखव.

हं, काही गोष्टी सोप्या झाल्यात, हे कबूल. कागद गेले, संगणकाच्या पाटीवर काढतात, थर सरकवणं क्षणाचं काम झालं. नजर चुकली तर आता थोडीफार वळवताही येते. झालं समाधान?

उलट साधनं नव्हती तेव्हा लोकांनी काय काय शोधलं ते बघा. ‘मेरी पॉपिन्स’, १९६४. त्या काळच्या निळ्या पडद्यासमोर केस, जाळी, पारदर्शक कापड यांची कड धड निघत नसे, निळी झाक राही. आणि मेरीबाईंच्या टोपीला बारीक जाळी! तर पेट्रो व्लाहोस आणि अब आयवर्क्स या तंत्रज्ञांच्या पद्धतीत मागचा पडदा सोडियमच्या पिवळ्या दिव्यांनी उजळला, ज्यांचा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या अगदी चिंचोळ्या पट्ट्यात असतो. कॅमेऱ्यात खास लोलक बसवला. तो तेवढाच पिवळा उजेड वेगळा करून दुसऱ्या फिल्मवर पाठवी. एका फिल्मवर रंगीत माणसं, दुसरीवर त्यांचा काळा-पांढरा साचा, दोन्ही एकाच वेळी, एकाच भिंगातून. जाळीचा धागा न् धागा शाबूत राहिला. आणि आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली ती एकेका फ्रेमला काड्या सरकवून. कुठला फिल्टर होता?

असो. राग जरा उतरला, आता ज्याची वाट बघतेय त्याबद्दल.

२००७ च्या सिनेमाचं मला सगळ्यात आवडतं ते हे, की तो परीकथेची टिंगल करता करता तिच्यावर प्रेम करतो आणि दोन्ही जगांच्या सांध्यावर मेहनत घेतो. सुरुवातीचा हाताने काढलेला भाग पॅसाडेनातल्या जेम्स बॅक्स्टरच्या स्टुडिओने केला, कारण डिस्नेने स्वतःचा हस्तचित्रांचा विभाग तोवर जवळजवळ मोडीत काढला होता. राजकन्येचा लग्नाचा पोशाख चित्रात चार रेषांत फुलतो, पण खरा शिवायला घेतल्यावर वेशभूषाकार मोना मे यांना धातूची कडी आणि परकरांचे थरच्या थर लागले. वजन ४० पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण १८ किलो. ते घेऊन अ‍ॅडम्सबाई टाइम्स स्क्वेअरला गटारातून वर येतात. हलका कापडी घेर घेतला असता तर दोन पावलांत खाली बसला असता आणि चित्रातली हीच ती मुलगी, हे पटलंच नसतं. सेंट्रल पार्कमधल्या गाण्याला १७ दिवस लागले आणि त्यातले ऊन असलेले फक्त सात. ३०० जणांची गर्दी, १५० नर्तक, आणि ऊन नाही. एका कडव्यात सावली लांब आणि पुढच्या ओळीत सावलीच नाही, असं चालत नाही म्हणून थांबायचं. ते गाणं लागलं की मी आजही बेंचच्या पायाशी पडलेल्या सावल्या बघते. गाणंही गोडच आहे म्हणा.

नव्या भागात गाणी पुन्हा अ‍ॅलन मेंकन आणि स्टीफन श्वार्ट्झ यांचीच. आयडिना मेंझेलसारख्या गायिका-अभिनेत्रीला पहिल्या भागात घेऊन एकही गाणं दिलं नव्हतं, तो अन्याय यंदा दूर होतोय. नायक पॅट्रिक डेम्प्सीही गाणार म्हणतात, बघू. दिग्दर्शक बदललाय. केव्हिन लिमाच्या जागी अ‍ॅडम शँकमन, मूळचा नृत्यदिग्दर्शक, म्हणजे पायांची काळजी नाही. मला काळजी आहे काळ्या रेषेची. हाताने काढलेल्या चित्राची बाह्यरेषा शुद्ध काळी ठेवली तर ती चित्रीकरणातल्या कुठल्याही काळ्यापेक्षा गडद दिसते आणि पात्र पडद्यावर न टेकता हवेत तरंगतं. रेषेला त्या-त्या भागाचाच गडद रंग द्यावा लागतो. दुसरी काळजी धूसरपणाची. कॅमेऱ्याचं शटर साधारण १/४८ सेकंद उघडं असतं, त्यामुळे हात झटकला की खरा हात पुसट होतो. चित्रातला हात मात्र लख्ख राहतो. तिथे चित्रकाराला मुद्दाम आकार ताणावा लागतो. ट्रेलरमध्ये रंग जरा जास्तच उजळ वाटले, हे खरंय. पण ट्रेलरवरून निकाल देणारे लोक मला आवडत नाहीत, त्यामुळे गप्प बसते.

खरी चिडचिड वेगळीच आहे. सिनेमा थिएटरमध्ये येणार नाही. थेट घरी. म्हणजे निम्मी मंडळी बसमध्ये, सहा इंची फोनवर, एका कानात इयरफोन घालून बघणार आणि ‘पहिल्यासारखा नाही’ म्हणणार. पहिल्या भागात पडद्याचा आकारही गोष्ट सांगतो. परीकथेचं पुस्तक उघडतं ते रुंद चौकटीत, चित्रांची दुनिया त्या चौकटीच्या आत छोट्या १.८५ च्या आकारात, म्हणजे उंचीच्या १.८५ पट रुंद, दिसते, आणि न्यूयॉर्कमध्ये पाऊल पडतं तसा पडदा २.३५ पर्यंत फाकतो. टीव्हीवर त्या चित्रांच्या भागाला चारही बाजूंनी काळ्या पट्ट्या येतात. लोक काय करतात? झूम. पट्ट्या नकोत म्हणून. मग पडदा रुंदावतो तो क्षण गेला. भाचेबुवा, तुम्ही हेच केलं असणार, शंकाच नाही.

घरी बघण्याचा एक फायदा मात्र आहे, थांबवून मागे जाता येतं. सिनेमा संपल्यावर कराच. पाय जमिनीला टेकतो तिथली सावली बघा. ती टाचेला चिकटलेली आणि गडद हवी, लांब जाईल तशी पुसट.

तर शुक्रवारी निदान टीव्हीवर लावा. आणि आधी रिमोट घेऊन पिक्चर सेटिंगमध्ये जा. मोशन स्मूदिंग, ट्रूमोशन, मोशनफ्लो, कंपनीगणिक नाव वेगळं असतं, ते पूर्ण बंद करा. टीव्ही दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतःच्या मनाने तयार करतो. खऱ्या माणसांवर ते मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं, आणि हाताने काढलेल्या चित्रांवर तर रेषांभोवती चिकट फराटे येतात. शार्पनेस शून्याजवळ आणा, नाहीतर बाह्यरेषेला पांढरी किनार दिसते. फिल्ममेकर मोड असेल तर तोच निवडा. झूम बंद. हे जमत नसेल तर मला फोन करा, मी सांगते, पण सिनेमा सुरू व्हायच्या आधी करा. नंतर मी उचलणार नाही.