स्पाइक मिलिगन: नगरच्या छावणीत जन्मलेला लेखक आणि त्याच्या आजाराबद्दलचा एक गैरसमज

माझे बालपण नगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये गेले. भिंगारच्या छावणीतून जाणारा रस्ता माझ्या रोजच्या वाटेवर होता. तरीही विसाव्या शतकातील ब्रिटिश विनोदाला ज्याने नवे वळण दिले तो लेखक आपल्याच गावात जन्मला होता, हे मला तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन, ज्याला जग स्पाइक मिलिगन म्हणून ओळखते, तो १६ एप्रिल १९१८ रोजी नगरमध्ये जन्मला. वडील आयर्लंडमधील स्लायगोचे आणि ब्रिटिश हिंदी सैन्याच्या तोफखान्यात नोकरीला होते, तर आई इंग्लिश. त्याच्या बालपणातील बराच काळ पुण्यात गेला. तिथे तो कॉन्व्हेंट शाळेत शिकला आणि पुढे काही वर्षे रंगूनला राहिला. सैन्यात कपात झाली, वडिलांची नोकरी संपली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी हे कुटुंब लंडनच्या आग्नेय भागातील एका कामगारवस्तीत येऊन राहिले. छावणीतील ऊन, नोकरचाकर आणि परेडचे मैदान यांतून तो मुलगा थेट लंडनच्या धुक्यात आणि कारखान्यांत जाऊन पडला.

त्याच्याबद्दल बोलताना जवळजवळ प्रत्येक जण एक वाक्य सहज उच्चारतो: तो वेडा होता, म्हणून तो इतका विलक्षण लिहू शकला. हे वाक्य मला मनापासून खटकते आणि ते चुकीचे आहे असे माझे ठाम मत आहे. मिलिगनला दीर्घकाळ तीव्र नैराश्याचे आणि उन्मादाचे झटके येत असत. आज ज्याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात तो हा आजार. त्या आजाराने त्याला लेखन दिले नाही, उलट त्याच्या हातून लेखनाचा वेळ वारंवार हिरावून नेला. कसे, ते पाहायचे तर आधी त्याचे काम पाहायला हवे.

२८ मे १९५१ रोजी बीबीसी रेडिओवर 'क्रेझी पीपल' नावाची मालिका सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिचे नाव 'द गून शो' झाले आणि ती जानेवारी १९६० पर्यंत चालली. पीटर सेलर्स, हॅरी सीकम आणि मिलिगन हे तिचे मुख्य आवाज होते. मायकेल बेंटीन सुरुवातीला होता, पण लवकरच बाहेर पडला. सेलर्स पुढे चित्रपटांमुळे जगभर पोहोचला, त्यामुळे आपल्याकडे त्याचेच नाव अधिक ऐकू येते. परंतु या मालिकेतील बहुतेक सर्व शब्द मिलिगनचे होते. लॅरी स्टीफन्स आणि एरिक साइक्स यांच्यासारख्या सहलेखकांची साथ त्याला काही काळ लाभली, तरी मुख्य भार त्याच्यावरच होता. बहुतेक हंगामांत पंचवीस किंवा त्याहून अधिक भाग असत, दर आठवड्याला अर्ध्या तासाची नवी संहिता लिहायची आणि तीत एकल्स, मिनी बॅनिस्टर, मोरिआर्टी अशा भूमिकाही स्वतःच करायच्या. ज्यांनी कधी एक साधी श्रुतिका लिहिली आहे त्यांना या ओझ्याचा अंदाज येईल.

त्याच्या लेखनात किती शिस्त होती हे सांगणारा गून शोच्या १९५७ मधल्या एका भागातला प्रसंग मी अनेकांना ऐकवला आहे. ब्लूबॉटल हा पोरगेला भाबडा एकल्सला वेळ विचारतो. एकल्स आठ वाजले म्हणून सांगतो, कारण त्याच्याजवळच्या कागदावर तसे लिहिलेले असते. सकाळी त्याने एका भल्या माणसाला वेळ विचारली होती आणि त्या माणसाने ती कागदावर लिहून दिली होती. ब्लूबॉटल शंका काढतो की कुणी वेळ विचारली आणि तेव्हा आठ वाजलेले नसले, तर काय करायचे? एकल्सचे उत्तर असे की मग हा कागद आपण त्याला दाखवतच नाही. हा संवाद कितीही वेळा ऐका, त्यात तर्काचा एकही धागा सुटलेला सापडत नाही. पहिले गृहीतक तेवढे चुकीचे आहे आणि त्यानंतरचे प्रत्येक वाक्य त्या गृहीतकाशी प्रामाणिक राहते. भरकटलेल्या मनाला हे जमत नाही. यासाठी कारागिराच्या कार्यशाळेतली एकाग्रता लागते.

आणि तो कारागिरासारखेच काम करत असे. त्याच्यासोबत काम केलेल्यांनी सांगितलेली त्याची पद्धत मला फार शिकवून गेली. टाइपरायटरवर लिहिताना एखादे वाक्य अडले की तो तिथे थांबत नसे. त्या जागी एक शिवी टाइप करून तो पुढे निघून जाई. मग दुसऱ्या खर्ड्यात त्या शिव्यांची संख्या कमी होई, तिसऱ्यात आणखी कमी, आणि कधी कधी दहाव्या खर्ड्यापर्यंत जाऊन शेवटची शिवी नाहीशी झाली की संहिता पूर्ण होई. जी माणसे मिलिगनच्या विनोदाला झटक्यात सुचलेली विक्षिप्त कल्पना समजतात, त्यांनी हे दहा खर्डे डोळ्यांसमोर आणावेत.

ध्वनीच्या बाबतीतही त्याचा आग्रह असाच होता. तोपर्यंत रेडिओवरील विनोदी कार्यक्रमांत ध्वनी म्हणजे दारावरची टकटक आणि खडीवरची पावले, एवढाच अर्थ होता. मिलिगनला मात्र ध्वनीतून अख्खा प्रसंग उभा करायचा होता. रेडिओला डोळे नाहीत, म्हणून तिथे काहीही घडू शकते, हे त्याने ओळखले होते. १९५५ मधल्या एका भागात सीकमचे पात्र, नेडी सीगून, नेपोलियनचा पियानो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून पळवते आणि त्याच पियानोवर बसून इंग्लिश खाडी ओलांडू लागते. पडद्यावर हे दाखवायला तेव्हा प्रचंड खर्च झाला असता. रेडिओवर श्रोत्याच्या कानाला लाटा आणि पियानोचे सूर ऐकवले की काम झाले. या ध्वनींसाठी तो निर्मात्यांशी आणि तंत्रज्ञांशी सतत भांडत असे.

आता १९५२ च्या शेवटाकडे या. त्याच वर्षी त्याचे लग्न झाले होते, नोव्हेंबरमध्ये पहिली मुलगी जन्मली होती आणि मालिकेचा तिसरा हंगाम सुरू होता. तो आठवड्याच्या संहितेसाठी रात्रंदिवस लिहीत होता. अशा वेळी त्याचे मन कोलमडले, बटाटे सोलण्याची सुरी हातात घेऊन तो सेलर्सच्या अंगावर जाण्याच्या बेतात गेला आणि त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या काळात काही भाग त्याच्याशिवाय ध्वनिमुद्रित झाले. हे सारे पुढे त्याने स्वतः उघडपणे सांगितले. १९९३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासोबत त्याने नैराश्यावर पुस्तक लिहिले, आणि तेही ज्या पिढीत असे बोलणे कमीपणाचे मानले जाई त्या पिढीतला माणूस असताना. आजार बळावला की त्याला कामापासून दूर राहावे लागत असे आणि बरे वाटल्यावर तो पुन्हा कामाकडे वळत असे. हा क्रम ज्यांनी नीट पाहिला ते वेडेपणाला त्याच्या प्रतिभेचे मूळ म्हणणार नाहीत. आपल्या घरातील एखाद्या आजारी माणसाच्या बाबतीतही आपण कधी कधी असेच बोलतो, आणि ते त्या माणसाच्या कष्टांवर अन्याय करणारे असते.

युद्धाचाही यात वाटा होता. तोफखान्यातला जवान म्हणून तो उत्तर आफ्रिका आणि इटलीत लढला, जानेवारी १९४४ मध्ये मोंते कासिनोच्या परिसरात उखळी तोफेच्या माऱ्यात जखमी झाला आणि त्यानंतर त्याचे मन पूर्वीसारखे राहिले नाही. या काळाच्या आठवणींचा पहिला खंड १९७१ मध्ये आला आणि पुढे एकूण सात खंड झाले. मला ते त्याच्या सर्वोत्तम लेखनात मोडणारे वाटतात, कारण हसवता हसवता तो भीतीबद्दल अत्यंत सरळ बोलतो आणि भीती वाटली हे लपवत नाही.

त्याच्या कारकिर्दीतली एक गोष्ट मात्र मला स्वीकारता येत नाही. १९६९ मध्ये 'करी अँड चिप्स' या दूरचित्रवाणी मालिकेत त्याने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून अर्ध्या आयरिश, अर्ध्या पाकिस्तानी कामगाराची भूमिका केली. लेखन जॉनी स्पाइट यांचे होते आणि उद्देश वर्णद्वेषाची खिल्ली उडवण्याचा होता असे सांगितले गेले. तरी सहा भागांनंतर मालिका बंद पडली आणि ती बंद पडली हे योग्यच झाले. गून शोमध्येही तो आणि सेलर्स बॅनर्जी आणि लालकाका या भारतीय पात्रांचे आवाज काढत. या देशात वाढलेल्या माणसाला आपल्या बोलण्याची लकब अचूक साधत होती, हे खरे. परंतु त्या लकबीवर इंग्लंडमधील प्रेक्षक हसत असताना तिथे नुकत्याच स्थायिक झालेल्या आपल्या माणसांना कामावर आणि रस्त्यावर काय ऐकावे लागत होते, याचा विचार त्याने करायला हवा होता. हे मी त्याच्याविषयीच्या प्रेमापोटीच लिहीत आहे.

कारण परकेपणा म्हणजे काय हे त्याला स्वतःला चांगले ठाऊक होते. ब्रिटनसाठी लढून जखमी झालेला हा माणूस १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश पारपत्राच्या अडचणीत सापडला. त्याच्याकडे राजनिष्ठेची शपथ मागण्यात आली. त्याने ती नाकारली आणि वडिलांच्या जन्मामुळे मिळणारे आयरिश नागरिकत्व घेतले. म्हणूनच पुढे त्याला मिळालेला नाइटहूडचा किताब मानद स्वरूपाचाच राहिला.

१९६९ च्याच मार्चमध्ये त्याची 'क्यू५' ही मालिका बीबीसीवर आली. तीत विनोदी प्रवेशाला शेवटचा फटका हवाच हा दंडक त्याने मोडला आणि प्रवेश मध्येच सोडून पात्रे निघून जाऊ लागली. काही महिन्यांनी आलेल्या मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी गटाच्या मंडळींनी या मालिकेचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. तिचा दिग्दर्शक इयन मॅकनॉटन त्यांनी आपल्याकडे आणला. लहान मुलांसाठी त्याने लिहिलेल्या निरर्थक कविताही ब्रिटनमधील शाळांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या गेल्या आहेत.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी तो गेला. इंग्लंडमधील विंचेल्सी या गावच्या चर्चच्या आवारातील त्याच्या थडग्यावर 'मी आजारी आहे असे तुम्हाला सांगितले होते' हे वाक्य आयरिश भाषेत कोरलेले आहे, कारण ते इंग्रजीत कोरायला चर्चच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. सीकम त्याच्या आधी, एप्रिल २००१ मध्ये गेला होता. तेव्हा मिलिगन म्हणाला होता की तो आधी गेला हे बरे झाले, नाहीतर तो माझ्या अंत्यविधीला गायला असता. मिलिगनच्या स्मरणार्थ झालेल्या प्रार्थनासभेत सीकमच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण वाजवण्यात आले.