‘स्पॉयलर दहा मिनिटांत निघतो’: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

जुन्या गाड्या जपणाऱ्या पुण्यातल्या मंडळींमध्ये सध्या व्हॉट्सॲपवरून एक मजकूर सारखा फिरतो आहे. त्याचा सारांश असा : ‘जुन्या स्पोर्ट्स कारचा पुढच्या बंपरखालचा स्पॉयलर ही निव्वळ शोभा असते. तो हवा अडवतो आणि त्यामुळे इंजिन तापते. गाडी पुढून जॅकवर घ्या, खाली विटा सरकवा, दिसतील ते स्क्रू काढा आणि जोर लावून ओढा. दहा मिनिटांचे काम आहे. उरलेली भोके लांबी (पत्र्यावरचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंगवून टाका.’ स्पॉयलर म्हणजे गाडीखाली शिरणारी हवा कमी करणारी आडवी पट्टी.

हे काम घरी करू नये, असे माझे म्हणणे नाही. उलट, जुन्या गाडीची अशी कामे मालकाने स्वतःच्या हाताने करावीत, कारण त्याच्याइतका वेळ त्या गाडीला दुसरे कोणी देत नाही. पण या मजकुरातले जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचे आहे आणि त्यातले एक तर जिवावर बेतणारे आहे. त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

‘खाली विटा सरकवा’ हा सल्ला कोणीही, कधीही पाळू नये. वीट असो की सिमेंटचा ठोकळा, तो भिंतीत चहूबाजूंनी सारखा दाबला जातो तेव्हा भार पेलतो; गाडीच्या चॅसीची अरुंद कड त्याच्या मधोमध टेकली की तो काहीही पूर्वसूचना न देता फुटतो. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारखी लहान दिसणारी गाडीसुद्धा सुमारे एक टन वजनाची असते. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, तिला धरून ठेवण्याचे नव्हे, म्हणून गाडी उचलल्यावर ती लोखंडी जॅक-स्टँडवर उतरवूनच खाली शिरावे. आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये पार्किंगला बहुधा पेव्हर ब्लॉक असतात आणि पावसाळ्यानंतर त्यांच्याखालची वाळू सरकलेली असते. अशा जमिनीवर स्टँडचा एक पाय खचू शकतो, त्यामुळे प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवुडचा तुकडा ठेवावा. पुढची बाजू उचलली की गाडी फक्त मागच्या चाकांवर उभी असते, तेव्हा हँडब्रेक ओढून मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत. जॅक कधीही स्पॉयलरला किंवा त्याच्या मागच्या पातळ पत्र्याला लावू नये.

आता ‘दिसतील ते स्क्रू काढा आणि जोर लावून ओढा’ या वाक्याकडे वळतो, कारण सर्वांत जास्त नुकसान याच वाक्याने होते. अडचण न दिसणाऱ्या स्क्रूंची असते. सहकारनगरमधल्या माझ्या एका मित्राने त्याच्या एमजीबीचा फायबरग्लासचा स्पॉयलर याच मजकुरावर विसंबून ओढला. समोरचे सहाही स्क्रू काढून झाले होते. सातवा बोल्ट डावीकडे, नंबरप्लेटच्या पट्टीमागे, मातीच्या थराखाली होता. मी पोहोचलो तेव्हा तो बोल्ट जागचा हललाही नव्हता. त्याच्या वायसरभोवती रुपयाएवढा फायबरग्लासचा तुकडा तसाच अडकून राहिला होता, त्याच्या कडेला पांढरे धागे लोंबत होते आणि उरलेला स्पॉयलर मित्राच्या हातात होता. बाहेरच्या रंगावर त्या भोकापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा वीतभर गेल्या होत्या.

असे का होते, ते समजून घ्यायला हवे. फायबरग्लास वाकण्याला बऱ्यापैकी दाद देतो. पण एका भोकाभोवती सगळा ताण आला की तिथेच फाटतो. पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा भाग नवा असताना रबरासारखा लवचीक असतो, मात्र तीस-चाळीस वर्षे ऊन खाल्ल्यावर तो कडक होतो आणि हिसका बसला की तुटतो. म्हणून पहिले काम पाना हातात घेण्याचे नसून टॉर्च घेऊन आडवे पडण्याचे आहे. स्पॉयलरची मागची बाजू ब्रशने आणि पाण्याने धुऊन घ्यावी, ती वाळू द्यावी, आणि प्रत्येक बोल्ट, स्क्रू व क्लिप-नट (पत्र्याच्या कडेला चिमट्यासारखी बसणारी नट) बोटाने चाचपून त्याची जागा कागदावर काढून ठेवावी. मग प्रत्येक आट्यावर गंज सैल करणारे तेल सोडून गाडी रात्रभर तशीच राहू द्यावी, आणि सकाळी पुन्हा एकदा तेल सोडावे. जाम झालेला बोल्ट एकदम सोडवू नये. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने नेऊन मग उलट फिरवला तर गंजाची पकड बऱ्याचदा सुटते. क्लिप-नट बोल्टबरोबरच फिरू लागली, तर मागून पकडीने धरावी. दोन्ही टोकांचे बोल्ट सर्वांत शेवटी काढावेत आणि त्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी स्पॉयलर खालून धरायला सांगावे, म्हणजे सगळे वजन एकाच भोकावर लटकणार नाही.

पान्याविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण त्या मजकुरात त्याचा उल्लेखच नाही. एमजीबीचे बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर आपल्या घरातला १३ नंबरचा पाना बसतो खरा, पण किंचित सैल बसतो. नव्या बोल्टवर तेवढ्याने बिघडत नाही, गंजलेल्या बोल्टचे कोपरे मात्र पहिल्याच झटक्यात झिजतात, आणि मग ग्राइंडरशिवाय उपाय उरत नाही. ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर, त्यावर ११ नंबरचा पाना चढत नाही आणि १२ नंबरचा सटकतो. बोहरी आळीत जाऊन इंची पाने मागून घ्यावेत, तोवर हे काम थांबवावे.

स्पॉयलरमध्ये फॉग लॅम्प बसवलेले असतील, तर वायर सोडवण्याआधी बॅटरीची अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली, केबल काढावी. मी मुद्दाम ‘निगेटिव्ह’ म्हणत नाही, कारण १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे.

‘ही निव्वळ शोभा असते’ हे विधान स्पॉयलरच्या इतिहासाशी विसंगत आहे. पोर्शने १९७२च्या ९११ एस या मॉडेलला पुढे जो छोटा स्पॉयलर दिला, तो वेगात गाडीचा पुढचा भाग उचलला जाऊ नये यासाठी दिला होता. गाडीखाली शिरणारी हवा कमी केली की पुढच्या चाकांवरचा भार टिकतो आणि स्टिअरिंग हलके पडत नाही. हवेचा हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ताशी ५० किलोमीटरवर जेवढा असेल, त्याच्या चौपट तो १००वर होतो. स्वारगेट ते डेक्कन एवढाच ज्याचा प्रवास असेल, त्याला स्पॉयलर काढल्याचा फरक जाणवणार नाही, हे मी मान्य करतो; परंतु द्रुतगती मार्गावर गाडी नेणाऱ्याने हे गणित विसरू नये.

इंजिन तापण्याचा मुद्दा तर नेमका उलटा आहे. रेडिएटरमधून हवा जायची असेल, तर पुढे जास्त दाब आणि मागे कमी दाब लागतो. नीट बसवलेल्या स्पॉयलरमुळे त्याच्या मागे, म्हणजे इंजिनच्या खाली, दाब कमी होतो आणि रेडिएटरमधली गरम हवा खाली ओढली जाते. तो काढल्यावर एप्रिलच्या दुपारी काटा वर सरकला, तर त्यात नवल नाही. अपवाद आहे, पण तो बाहेरून आणलेल्या, ओबडधोबड स्पॉयलरचा : त्याची वरची कड ऑइल कूलरच्या किंवा जाळीच्या तोंडावर येत असेल, तर तो खरोखरच हवा अडवतो. हे समोर उकिडवे बसून पाहिले की मिनिटभरात कळते. स्पॉयलर गतिरोधकावर घासतो, ही काही मालकांची तक्रार मात्र खरी आहे. आपल्या गल्ल्यांमधले गतिरोधक पाहता ती खोटी कशी म्हणणार? तरीही तो काढून टाकण्याआधी पुढच्या स्प्रिंगा दबून गाडी खाली बसली आहे का, हे तपासावे. अनेकदा दोष तिथे असतो.

‘उरलेली भोके लांबी भरून रंगवून टाका’ हा सल्ला पावसाळ्यात उघडा पडतो. लांबी ओलावा धरते आणि आरपार भोकात तिला मागून आधार नसतो. जून ते सप्टेंबर पुढच्या चाकांनी उडवलेले पाणी त्या पत्र्याच्या मागच्या बाजूवर आदळत राहते, आणि दिवाळीपर्यंत रंगाखाली फुगे येतात. स्पॉयलर कायमचा काढायचा असेल, तर भोकाच्या कडा उघड्या पत्र्यापर्यंत घासून, वेल्डिंगने छोटा तुकडा भरून, दोन्ही बाजूंनी प्रायमर द्यावा. एमजीबीचा तो बंपरखालचा पत्रा बोल्टवर असतो, तो सुटा करून नेता येतो. पुढेमागे स्पॉयलर परत लावण्याचा विचार असेल, तर कडांना प्रायमर लावून भोकांत रबरी बुचे बसवावीत. स्पॉयलरखालच्या रंगाने ऊन पाहिलेले नसते, त्यामुळे तिथली छटा गडद निघते, याचीही तयारी ठेवावी.

मित्राचा स्पॉयलर आम्ही फेकला नाही. फाटलेल्या कोपऱ्याला मागून फायबरग्लासच्या चटईचे तीन थर दिले, वाळल्यावर भोक नव्याने पाडले, आणि तो अडून बसलेला सातवा बोल्ट दोन रात्री तेलात भिजवून पाव-पाव फेऱ्याने काढला. त्या जागी आता रुंद वायसर आणि ग्रीस लावलेला नवा बोल्ट आहे, आणि नंबरप्लेटच्या पट्टीच्या मागे मित्राने पांढऱ्या रंगाने ‘७’ लिहून ठेवले आहे. या सगळ्या कामाला तीन संध्याकाळी लागल्या.