बिनव्याजी लाखभर रुपये हवेत? कोयता धरा

बँकेत कर्जाला गेलं की सिबिल विचारतात, तारण विचारतात, तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. एवढा ताप कशाला? बीड जिल्ह्यात धारूर, केज, वडवणी, पाटोदा अशा एखाद्या तालुक्यात जन्म घ्या, जमीन कोरडवाहू एक-दीड एकर असू द्या (नसली तर उत्तमच) आणि पावसाळ्यात ऊसतोडीला टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या ओट्यावर जाऊन बसा. लाखभर रुपये रोख हातात पडतात. तारण नाही, फेऱ्या नाहीत, आणि तोंडी तरी व्याज नाही. याला उचल म्हणतात.

अट एकच, जोडीनं यायचं. या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी. तेव्हा अविवाहितांनी आधी लग्न उरकून घ्यावं. मुलीला अठरा पूर्ण झाली का, असल्या शंका काढत बसाल तर हंगाम निघून जाईल. तिचे आईबापही दसरा-दिवाळी झाली की उसाच्या फडावर निघतात, आणि वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही त्यांची अडचण असते. तुमच्या अडचणीशी ती छान जुळते.

आता परतफेड. नवखे इथंच गडबडतात, म्हणून हिशेब मांडून देतो. 2024च्या जानेवारीत तोडणीचा दर तीन वर्षांसाठी 34 टक्क्यांनी वाढला. टनाला 273 रुपये होते, ते 366 झाले. एक लाखाला 366 नं भागा, 273 टन येतात. (जुना दरही 273च होता. योगायोग समजावा.) कसलेली जोडी दिवसाला दोन टन तोडते, नवख्यांनी दीडच धरावा. दोनच्या वेगानं 137 दिवस लागतात. कारखाना मात्र तुमची उचल फिटायची वाट बघत नाही. ऊस संपला की पट्टा पडतो, म्हणजे गाळप बंद होतं, आणि ऊस कमी असला की तो शंभर-सव्वाशे दिवसांतच पडतो. समजा 120 दिवस मिळाले आणि एकही दिवस न चुकता तोडलंत, तर 240 टन होतात, त्याचे 87,840 रुपये. लाखातून वजा करा, उरतात 12,160. ही तुमची बाकी. बाकी अंगावर घेऊन गावी गेलं की पुढच्या वर्षी कुठं काम शोधायचं हा प्रश्नच राहत नाही.

या हिशेबात चार महिन्यांचं जेवण धरलेलं नाही. त्यासाठी मुकादम बाजाराच्या दिवशी खर्ची, म्हणजे हातखर्चाचे पैसे, देतो आणि तीही वहीत चढवतो. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, वैरणीला विकून तेल-मिठाचं सुटतं. गाडीला उशीर झाला, कारखाना बंद पडला, अवकाळी पावसानं फडात चिखल झाला, तर ते दिवस तुमच्या खात्यात. टन मोजायचा काटा कारखान्यावर असतो आणि तुम्ही फडात असता, त्यामुळे वजनाची चिंता करण्यात वेळ जात नाही.

तोडणीचं तंत्र अवघड नाही. ऊस जमिनीलगत तोडायचा. बुडख्यात साखर जास्त असते. वर चार बोटं ठेवलीत तर शेतकरी आणि चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा फडावरचा माणूस, दोघंही अंगावर येतात. मग पाचट सोलायचं, शेंडा उडवायचा, आणि त्याच वाढ्याला पीळ देऊन मोळी बांधायची. पीळ कमी पडला तर मोळी नेमकी फळीवर चढताना सुटते आणि ऊस मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो. एक मोळी 35 किलोची धरली, तर दोन टन म्हणजे 57 मोळ्या. तोडायचं काम सहसा गड्याचं. सोलणं, बांधणं, वाहणं बाईचं. डोक्यावर मोळी, पायाखाली वीतभर रुंद फळी, समोर ट्रॉली. पोटुशी असेल तर फळी जरा सावकाश चढावी.

ट्रॉली रात्री दोनला आली तरी उठून भरायची. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला गेला नाही तर त्यातली साखर घटते आणि कारखान्याचा उतारा पडतो. उसाची प्रकृती नाजूक असते, तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं.

तुमच्या प्रकृतीसाठी वेगळी तरतूद आहे, तिला खाडा म्हणतात. ताप आला, कंबर धरली, पाळी आली आणि एक दिवस कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, पडून राहिलात, तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर पाचशेच्या आसपास दंड वहीत चढतो. फडाजवळ संडास नाही, आडोसा नाही, अंघोळीला पाणी कॅनॉलचं. मग पोटात दुखायला लागतं, बाई दवाखान्यात जाते आणि डॉक्टर तिला कॅन्सरची भीती घालून कायमचा उपाय सुचवतात. तिकडे त्याला, म्हणजे गर्भाशय काढण्याला, सरळ ‘पिशवी काढणे’ म्हणतात. 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. ऑपरेशनचा खर्च मुकादमाकडून उचल घेऊन भागवता येतो. पुढं खाडे कमी पडतील, या हिशेबानं ती गुंतवणूकच समजायची.

पोरांचं फार मनावर घेऊ नका. हंगामी वसतिगृह मिळालं तर ठेवा. नाहीतर थोरल्या मुलीला बरोबर घ्या, ती कोपीत धाकट्याला सांभाळते आणि भाकरीही टाकते. शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव राहतंच.

कुणी शिकलेला पाहुणा तुम्हाला सांगेल, की आगाऊ पैसे घेऊन ते फिटेपर्यंत काम सोडता न येणं याला 1976च्या कायद्यात वेठबिगार म्हणतात. त्याच्याशी वाद घालू नका, फक्त मालक शोधून द्यायला सांगा. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, मी पैसे मुकादमाला दिले. मुकादम म्हणतो, मीही कालपर्यंत कोयताच होतो, आणि हे बहुतेक वेळा खरंही असतं. टोळी पळाली तर त्याचं घर बुडतं, वाहतूकदाराचा ट्रॅक्टर विकला जातो. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसरीकडंच निघून जाणारे बहाद्दरही असतात, ते अगदीच नाकारता येणार नाही. तरी या सगळ्या भानगडीत साखर मात्र वेळेवर पोत्यात पडते.

यंत्राची भीती बाळगू नका. हार्वेस्टरला माणसापेक्षा टनामागे जास्त पैसे मिळतात, ही ऊसतोड संघटनांची जुनी तक्रार आहे. पण त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? यंत्राला डिझेल लागतं, त्याचा हप्ता असतो, आणि खाडा केला म्हणून त्याला दंड करता येत नाही.

सरकार पाठीशी आहेच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगारांसाठीचं महामंडळ आहे, त्यासाठी टनामागे 10 रुपये कारखान्यांकडून घ्यायचं ठरलेलं आहे. 2024 मध्ये गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झालं आणि विधानसभेचं मतदान होतं 20 नोव्हेंबरला. अशा वेळी परतीच्या गाडीची काळजी करू नये, फडावर न्यायला लोक येतात. मूल आजारी पडल्यावर लागणारी गाडी वेगळी, तिचं भाडं स्वतः करावं.

पट्टा पडला की हिशेबाला बसायचं. वही मुकादमाची, आकडे मुकादमाचे, चष्माही त्याचाच. खर्ची, खाडे, दवाखाना धरून बाकी 12 हजारांवरून 30 हजारांवर गेली असेल तर आवाज चढवू नका. खाली मान घालून ऐका, मग हळूच बी-बियाण्याचा विषय काढा. तो आणखी दहा हजार देतो.

गावी आलात की कोयत्याला तेल लावून आढ्याला खोसून ठेवा. पावसाळ्यात पातं गंजतं, आणि खंडेनवमीला तो पूजेला लागतो.