बंद करून चालू

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी लावावी लागते. नानांना हे मुदतीच्या रात्री सव्वादहाला आठवलं. दादरच्या आमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला कधीच शटर ओढून गेलेला, म्हणून पेनड्राइव्ह माझ्या नाकासमोर.

लावला. माझ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. ते म्हणालं, व्हीफॅट ही फाइल सिस्टिम, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत, मला माहीत नाही.

"व्हायरस," नाना म्हणाले.

"नाना, हे लिनक्स आहे."

"मग लिनक्सचा व्हायरस."

कारण मला दोन मिनिटांत सापडलं, तेच तर दुखतंय. दुपारी अपडेट मारला होता. डिस्कवर कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, ६.१०.७ ही नवी आवृत्ती आली, आणि जुन्या ६.१०.६ ची सगळी मॉड्यूलं, म्हणजे गाभ्याला जोडायचे सुटे तुकडे, पुसली गेली. मेमरीत मात्र ६.१०.६च चालू! व्हीफॅटचं मॉड्यूल लागेल तेव्हाच आत घेतात. घ्यायला गेलं तर फोल्डरच गायब. नवं मॉड्यूल कोंबून पाहिलं. पण ते कुठल्या कर्नलसाठी बांधलंय हे त्याच्या पोटातच लिहिलेलं असतं, व्हरमॅजिक म्हणतात त्याला. सहाचा सात दिसला, दारातून परत.

हे नानांना सांगितलं. चूक झाली.

"म्हणजे भाडेकरू आत बसलाय आणि त्याचं सामान बाहेर फेकलं?"

"अगदी बरोबर!"

"बेकायदेशीर आहे. ९९चा भाडे नियंत्रण कायदा वाच."

मग गिरगावातली भावाची पागडीची खोली निघाली. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयातल्या तारखा निघाल्या, भावाच्या वकिलाचं पित्तही निघालं. बायकोने दुसऱ्यांदा चहा टाकला. मी टर्मिनलमध्ये घाम गाळत होतो.

"बंद करून चालू करून बघ की," नाना बशीत फुंकर मारत म्हणाले.

मशीन ४१ दिवस बंद केलं नव्हतं. हा माझा एकमेव विक्रम; आमच्या घरात दुसरं काही ४१ दिवस सलग चालत नाही. आणि अपडेटने शंभर ओळी छापल्या, त्यात 'बाबा रे, आता रीस्टार्ट कर' ही एक ओळ टाकायला काय जात होतं? पण नाही. ते म्हणे वापरणाऱ्याने समजून घ्यायचं. मी समजलोच होतो की! समजूनही बसून राहिलो, हा भाग वेगळा.

पावणेबाराला रीस्टार्ट केलं. पेनड्राइव्ह लागला. नोटीस छापली. तिच्यात 'सभासद' तीन ठिकाणी चुकलं होतं, मी दाखवलं नाही.

काल दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मिक्सर बंद पडला. नाना जिन्यातून ओरडले, "त्याला नका बोलवू. तो फक्त का बंद पडला ते सांगतो."