शब्द हो, व्याकरण जरा जपून
रॅप ऐकून मुलांचे इंग्रजी शब्द वाढतात आणि व्याकरणही सुधारतं, हे एका लेखातलं म्हणणं निम्मंच पटलं. शब्दांचं ठीक आहे. साध्या प्रेमगीतापेक्षा रॅपमध्ये शब्दांचा भरणा कितीतरी जास्त, आणि यमकामुळे ते डोक्यात बसतात. पण व्याकरण? १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जन्मलेलं हे संगीत मुख्यतः कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतलं, आणि त्या बोलीचे नियम वेगळे. 'ही वर्किंग' (he working) म्हणजे तो आत्ता काम करतोय. 'ही बी वर्किंग' (he be working) म्हणजे तो एरवीही काम करत असतो. विल्यम लबॉव या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ मध्येच दाखवलं होतं की प्रमाण इंग्रजीत जिथे 'इज'चं आखूड रूप ('ही इज'चं 'हीज') चालतं, तिथेच या बोलीत 'इज' गाळता येतो, वाटेल तिथे नाही. त्यामुळे याला सरसकट 'चुकीचं इंग्रजी' म्हणणाऱ्यांचाही राग येतो (वऱ्हाडी, मालवणी ऐकून नाकं मुरडणारे हेच!). वर्गात वापरायचंच असेल तर एखादं कडवं द्या आणि तेच परीक्षेच्या इंग्रजीत लिहायला सांगा. फक्त शिव्या गाळलेली आवृत्ती निवडा, नाहीतर पालकसभेत सरांचीच हजेरी घेतली जाईल.