रोमचे मोरे

रोमचे ज्यू आपल्या रब्बीला, म्हणजे धर्मगुरूला, ‘मोरे’ म्हणतात. शब्द हिब्रू, अर्थ गुरुजी. शेजारच्या मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या पोळी लाटता लाटता थांबल्या. ‘‘आमच्यात दिवेकर, पेणकर, किहीमकर, आणि तिकडे मोरे होय? चला, सोयरीक झाली म्हणायची.’’ मावशी अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, लग्न होऊन ठाण्यात आलेल्या. आमच्या मजल्यावर शब्बाथचा (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचा) दिवा आणि तुळशीपुढचा दिवा शुक्रवारी एकाच वेळी लागतो.

गेल्या वर्षी टूरवाल्यांबरोबर रोमला गेले होते. व्हॅटिकनची रांग उरकल्यावर बाकीची मंडळी चामड्याच्या पर्स बघायला पांगली. मी टायबरच्या काठाने चालत जुन्या ज्यू वस्तीत गेले. तिथलं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1904 सालचं. रोमभर गोल घुमट, याचा तेवढा चौकोनी, त्यामुळे लांबूनच कळतं. शेजारी एक छोटी मोकळी जागा आहे. तिच्या पाटीवर स्तेफानो गाय ताके या मुलाचं नाव आहे. 2 वर्षांचं पोर. त्याच्याकडे येतेच, पण त्याआधी ज्यांच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली, ते मोरे.

एलियो तोआफ. 1951 ते 2001, तब्बल 50 वर्षं रोमचे मुख्य रब्बी. जन्म लिव्होर्नोचा, 1915 चा. वडीलही रब्बी. पोराने पिसाला कायद्याची पदवी घेतली ती 1938 मध्ये, म्हणजे मुसोलिनीने ज्यूंविरुद्ध वंशकायदे आणले त्याच वर्षी. पुढे अँकोनाला रब्बी झाले, आणि 1943 मध्ये जर्मन आल्यावर बायको-मुलासह डोंगरात पळाले, प्रतिकार करणाऱ्या गनिमी तुकड्यांत सामील झाले. एकदा नाझींच्या हाती लागले. त्यांना स्वतःची कबर खणायला लावली होती. अगदी शेवटच्या घटकेला जीव वाचला. असा माणूस पुढे कुणाशीही बोलताना आवाज चढवत नसेल तर ते भित्रेपणाचं लक्षण धरू नये, एवढंच मला सुचवायचंय.

रोमचा समाज त्यांच्या हाती आला तो कसा होता? सप्टेंबर 1943 मध्ये नाझींनी 50 किलो सोनं मागितलं. लोकांनी अंगठ्या-साखळ्या उतरवून ते भरलं. तरीही 16 ऑक्टोबरला पहाटे घरं वेढली. हजारावर माणसं ऑशविट्झच्या मृत्युछावणीत गेली, 16 परतली. तेव्हाचे मुख्य रब्बी इस्रायल झोल्ली यांनी युद्ध संपत असताना, 1945 मध्ये, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धोका झोल्लींना इतरांच्या आधी दिसला होता आणि पुढाऱ्यांनी त्यांचं ऐकलं नाही, हेही खरं. त्यांना सरसकट खलनायक करायला माझी तयारी नाही. पण घरची माणसं गेलेल्या लोकांनी एका सकाळी ऐकलं की आपले गुरुजीही गेले. त्यांच्यानंतर दाविद प्रातो आले, आणि मग व्हेनिसहून 36 वर्षांचे तोआफ.

मुख्य रब्बी म्हटलं की आपल्याला मठाधिपती किंवा शंकराचार्य डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात काम फार घरगुती. लग्नं लावायची, काडीमोडीची प्रकरणं ऐकायची, खाटकाची सुरी तपासली जाते ना ते बघायचं, शाळा चालवायची, नवे रब्बी घडवायचे. शिवाय रोमचे ज्यू म्हणजे काही बँकवाले नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या जुने कपडे विकणारे, फेरीवाले. व्हॅटिकनला येणाऱ्या यात्रेकरूंना जपमाळा विकणारे ज्यू विक्रेते हे तर रोमचंच खास प्रकरण. 1967 मध्ये लिबियातून हजारो ज्यू हाकलले गेले, त्यातले पुष्कळ रोमला स्थिरावले. त्यांची अरबी वळणाची प्रार्थना वेगळी, चाली वेगळ्या. दोन हजार वर्षं रोममध्ये राहिलेल्यांनी या परक्यांना जागा करून दिली. हे आपोआप होत नाही. आपल्याकडे गणपती मंडळात नवी बिल्डिंग सामावून घ्यायची तर किती मीटिंगा होतात!

आता ती पाटी. 9 ऑक्टोबर 1982, शनिवार, शिवाय सणाचा दिवस. लोक मुलाबाळांसह सिनेगॉगमधून बाहेर पडत होते, आणि पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी हातबॉम्ब टाकून गोळ्या झाडल्या. स्तेफानो गेला, 37 जण जखमी झाले. नेमका त्या दिवशी पोलिसांचा पहारा नव्हता. त्याच जूनमध्ये एका कामगार मोर्च्यातल्या लोकांनी सिनेगॉगच्या भिंतीशी शवपेटी आणून टाकली होती.

आणि याच सिनेगॉगमध्ये साडेतीन वर्षांनी, 13 एप्रिल 1986 ला, तोआफ यांनी पोप जॉन पॉल दुसरे यांचं स्वागत केलं. ख्रिस्ती परंपरेतला पहिला पोप मानतात तो पीटर स्वतः ज्यू होता. त्याच्यानंतर पोप सिनेगॉगमध्ये गेल्याची ही पहिली नोंद. पोपनी ज्यूंना ‘थोरले भाऊ’ म्हटलं. मिठीचा फोटो सगळीकडे छापून आला.

मला त्या मिठीपेक्षा खुर्च्या महत्त्वाच्या वाटतात. व्यासपीठावर दोघांना सारख्याच दोन खुर्च्या होत्या. 1555 मध्ये पोपच्याच हुकमाने या वस्तीला भिंत घातली गेली होती. शनिवारी ज्यूंना सक्तीने चर्चचं प्रवचन ऐकायला नेत. लोक कानात मेण घालून बसत असं सांगतात. सिनेगॉगपासून चार पावलांवर एक चर्च आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर आजही बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याचं वचन लॅटिन आणि हिब्रूत आहे: बंडखोर लोकांपुढे मी दिवसभर हात पसरले. हिब्रूत का, ते सांगायला नको. अशा गल्लीत पोपला पाहुणा म्हणून बोलावणं, आणि व्हॅटिकनने इस्रायलला मान्यता द्यावी हा विषयही त्यांच्यासमोर काढणं, याला मी सलोखा म्हणते. आपल्याकडे सर्वधर्म कार्यक्रमात जे हारतुरे नि चहा-बिस्किटं होतात, त्याला वेगळा शब्द हवा. व्हॅटिकनने इस्रायलशी करार केला 1993 च्या डिसेंबरात.

पोपच्या मृत्युपत्रात रोमच्या रब्बीचा उल्लेख आहे. तोआफ स्वतः 2015 च्या एप्रिलमध्ये गेले, शंभरीला 11 दिवस कमी असताना.

मावशींना हे सगळं ऐकवलं. त्या म्हणाल्या, कोकणात आमच्यात रब्बी नव्हतेच गं, हझान (प्रार्थना म्हणणारे) नि काजी (लग्नं-तंटे बघणारे) यांच्यावरच सगळं निभावलं. रब्बी म्हणजे काय ते त्यांच्या थोरल्या भावाला इस्रायलला जाऊन कळलं. तिथल्या मुख्य रब्बींनी 1960 नंतर फर्मान काढलं की बेने इस्रायलींची लग्नं लावण्याआधी आई-आजीकडची पिढी तपासा. नवगावला जहाज फुटून आलेल्यांच्या वंशजांनी कुठला दाखला आणायचा? 1964 मध्ये आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, संसदेने बाजू घेतली, तेव्हा त्या फर्मानातून बेने इस्रायलींचं नाव निघालं. भाऊ त्या ठिय्यात होते. मराठीत घोषणा देत होते म्हणे.

‘‘तिथला रब्बी कागद मागत बसला,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘तुझे मोरे बरे.’’ मग पिठाचे हात पुसून त्यांनी माझ्या मोबाइलवरचा पाटीचा फोटो मोठा करून पाहिला, बराच वेळ. म्हणाल्या, मला पाठवून ठेव, इस्रायलला अश्दोदमध्ये दाखवीन.